शून्याचें प्रामाण्य

‘कांहीं घडलें नाहीं’ आणि ‘कांहीं घडल्याचें मला कळलें नाहीं’ हीं दोन वाक्यें व्यवहारांत इतक्या सहजपणें एकमेकांच्या जागीं वापरलीं जातात, कीं त्यांत अंतर आहे ह्याचीच आठवण राहत नाहीं. पहिलें वाक्य जगाविषयीं आहे. दुसरें माझ्या ज्ञानसाधनांविषयीं आहे. दुसरें खरें असल्यानें पहिलें म्हणण्याचा अधिकार आपोआप मिळत नाहीं, तो कमवावा लागतो. तो कसा कमवावा, आणि तो न कमवितां पहिलें वाक्य बोलणाऱ्या माणसास केवळ अविचारी म्हणावें कीं अन्यायी म्हणावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय तर्कशास्त्राचा दिसला तरी त्याचें उदाहरण मी मुद्दाम बाजारांतलें घेतों. कारण तर्कशास्त्राच्या वर्गांत चूक झाली तर फार तर परीक्षेंतले दोन गुण जातात, बाजारांत झाली तर कोणाची तरी मजुरी जाते.

गोंदिया तालुक्यांतील कामठा हें गांव एके काळीं भंडारा जिल्ह्यांतील एका मोठ्या जमीनदारीचें मुख्य ठिकाण होतें. १८१८ सालीं येथील चिमणा पटेलानें इंग्रजांशीं सामना केला, हें ह्या भागाच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. १९५१ सालीं तेव्हांच्या मध्यप्रदेशांतील जमीनदाऱ्या संपुष्टांत आल्या. १९९९ सालीं भंडाऱ्यांतून गोंदिया हा जिल्हा वेगळा निघाला. धानाच्या बांध्या मात्र होत्या तेथेंच आहेत, आणि गोंदियाचें नांव आजहि तांदुळाच्या गिरण्यांमुळेंच दूरवर माहीत आहे. समजा, अशा ह्या कामठ्यांतील एका तरुण व्यापाऱ्यानें आपल्या घरचा व शेजारच्या चार शेतकऱ्यांचा सुवासिक चिन्नोर तांदूळ पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांस मध्यस्थावांचून विकावयाचें ठरविलें. त्यानें वेबसाइट उघडली, गूगलवर जाहिरात दिली, आणि जाहिरातींचें काम पाहण्यासाठीं गांवांतीलच एका पदवीधर मुलीस नोकरीवर ठेवलें. महिन्यानें त्यानें हिशेब उघडला. जाहिरातीवर क्लिक करणारे सहाशें. त्यांतून झालेली विक्री, शून्य. त्यावरून त्यानें तीन निर्णय घेतले: जाहिरात बंद, मुलीची नोकरी बंद, आणि शेतकऱ्यांस निरोप, कीं तुमच्या तांदुळाला शहरांत मागणी नाहीं. व्यापारी, मुलगी आणि सहाशें ही संख्या काल्पनिक आहे. असें शून्य मात्र रोज कोठें ना कोठें कोणाच्या तरी पुढें येत असतें, आणि त्यावरून असे निर्णयहि रोज होत असतात.

तें शून्य उमटतें कसें, हें थोडें तपशिलानें पाहिलें पाहिजे. कारण पुढील सारा विचार त्या तपशिलावर उभा आहे. जाहिरातीवर कोणीं क्लिक केलें म्हणजे त्या क्लिकला एक ओळखीचा क्रमांक मिळतो, आणि तो पत्त्याच्या शेवटीं चिकटून विक्रेत्याच्या वेबसाइटवर येतो. तेथें बसविलेला टॅग नांवाचा संगणकीय आज्ञांचा लहानसा तुकडा तो क्रमांक गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्यें, कुकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिठ्ठींत, लिहून ठेवतो. गिऱ्हाईक माल पाहतें, पैसे भरतें, आणि ‘आपली मागणी मिळाली, धन्यवाद’ अशा पानावर पोंचतें. त्या पानावर दुसरा टॅग असतो. तो जुन्या चिठ्ठीच्या आधारें, अमक्या क्लिकमधून अमुक रकमेची विक्री झाली, अशी वर्दी जाहिरातसंस्थेकडे धाडतो. ह्या सर्व खटाटोपास त्या धंद्यांत कन्व्हर्जन ट्रॅकिंग म्हणतात. क्लिकपासून किती दिवसांच्या आंत झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या नांवें धरावयाची, ह्यालाहि मर्यादा असते. गूगलनें ती मुळांत तीस दिवसांची ठेवलेली असून वापरणाऱ्यास बदलतां येते.

ह्या सांखळीचा प्रत्येक दुवा निसटूं शकतो. आभाराचें पान नवें केलें, आणि टॅग जुन्याच पानावर राहिला. गिऱ्हाइकानें यूपीआयनें पैसे भरले; त्यासाठीं तें दुसऱ्या ॲपमध्यें गेलें, पैसे गेल्याचें तेथेंच पाहिलें, आणि फोन खिशांत टाकला; आभाराचें पान उघडलेंच नाहीं. जाहिरात आईनें मोबाइलवर पाहिली, खरेदी मुलानें आपल्या संगणकावर केली. कोणीं वेबसाइटवरचा फोन-क्रमांक पाहून ‘तांदूळ नवा कीं जुना?’ असें विचारलें, आणि बोलतां बोलतां फोनवरच दहा किलोंची मागणी दिली. ॲपलच्या फोनांवर तर एप्रिल २०२१ पासून असा दंडक आहे, कीं माणसाचा इतरांच्या ॲपांतील व वेबसाइटांवरील वावर टिपावयाचा असल्यास ॲपनें आधीं त्याची परवानगी मागावी. पुष्कळजण ती नाकारतात. वरील प्रत्येक प्रसंगीं तांदूळ विकला जाऊं शकतो, आणि नोंदींत मात्र तो न विकलेलाच राहतो. उलट दिशेनेंहि चुका होतात. आभाराचें पान कोणीं पुन्हां उघडलें तर एकाच विक्रीची दुसरी वर्दी जाऊं शकते. आणि टॅग चुकून पहिल्याच पानावर बसला असेल, तर नुसतें डोकावून गेलेलें माणूसहि गिऱ्हाईक म्हणून मोजलें जातें.

ह्यावर उपाय एकच आहे, आणि तो साधा आहे: आपण स्वतः गिऱ्हाईक व्हावयाचें. टॅग असिस्टंट नांवाचें गूगलचेंच एक साधन आहे. टॅग योग्य पानावर हलला कीं नाहीं, हें त्यानें कळतें. परंतु टॅग हलला म्हणजे वर्दी योग्य जागीं पोंचली असें नव्हे. म्हणून जाहिरातींतून आंत येऊन, खरे पैसे भरून, एक किलो तांदूळ खरोखरच विकत घ्यावा. एकदां कार्डानें, एकदां यूपीआयनें. एकदां संगणकावरून, एकदां फोनवरून. मग आभाराचें पान मुद्दाम पुन्हां उघडावें, आणि त्याच मागणी-क्रमांकाची विक्री दुसऱ्यांदा मोजली जात नाहीं ना, तें पाहावें. नंतर धीर धरावा. वर्दी हिशेबांत दिसावयास कांहीं तास लागतात. शिवाय गूगलच्या नेहमींच्या तक्त्यांत विक्री ही विक्रीच्या दिवशीं न मांडतां क्लिकच्या दिवसाखालीं मांडलेली असते, त्यामुळें आजच्या रकान्यांत शोधणारास खोटेंच शून्य दिसण्याचा संभव असतो. शेवटीं महिन्याचे आंकडे दुकानाच्या स्वतःच्या वहीशीं आणि बँकेच्या खात्याशीं ताडून पाहावे, आणि परीक्षेसाठीं केलेल्या खरेद्या त्यांतून वजा कराव्या. एवढ्याला चारदोनशें रुपये आणि दोन दिवस लागतात. आपल्या व्यापाऱ्यानें हें केलें असतें, तर त्याच्यापुढील शून्य एक तर पुसलें गेलें असतें, किंवा त्याला अर्थ तरी आला असता.

‘अर्थ आला असता’ असें मी म्हणतों त्याचें कारण सांगितलें पाहिजे. अभावाचें ज्ञान आपणांस कसें होतें, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनीं फार बारकाईनें चर्चिला आहे. जमिनीवर घट नाहीं, हें मला कळतें कसें? घट दिसत नाहीं म्हणून, असें उत्तर प्रथम सुचतें. परंतु तें अपुरें आहे. अंधाऱ्या खोलींतहि घट दिसत नाहीं. म्हणून तेथें घट नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. खांबांत पिशाच दिसत नाहीं, एवढ्यावरून तेथें पिशाच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. कारण पिशाच ही वस्तु, असली तरी, डोळ्यांस दिसण्याजोगी मानलेलीच नाहीं. बौद्धांपैकीं धर्मकीर्तीनें म्हणूनच अशी अट घातली, कीं जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरवावा. भाट्ट मीमांसक आणि त्यांच्या मागून वेदान्ती ह्यांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें. पण तेथेंहि ‘योग्य’ हें विशेषण सोडलें नाहीं. योग्यानुपलब्धि म्हणजे, घट असता तर ह्या उजेडांत, ह्या डोळ्यांस, ह्या अंतरावरून दिसला असता, अशी खात्री असतांना त्याचें न दिसणें. उजेडाची खात्री आधीं, अभावाचा निर्णय मागून, असा हा क्रम आहे.

वेबसाइटवर स्वतः केलेली एक किलोची खरेदी म्हणजे ही उजेडाची खात्री होय. ‘विक्री झाली असती तर ह्या वहींत ती उमटली असती,’ हें वाक्य ज्याला छातीवर हात ठेवून म्हणतां येत नाहीं, त्याच्या वहींतलें शून्य म्हणजे अंधाऱ्या खोलींतलें घटाचें न दिसणें आहे. त्यावरून ‘घट नाहीं’ असें तो म्हणतो, तेव्हां तो खोटें बोलत असतो असें नाहीं. कदाचित् घट खरोखरच नसेल. पण तें बोलण्याचा अधिकार त्यास नसतो, आणि चुकून खरें निघालेलें वाक्य हें ज्ञान नव्हे.

आतां दुसरी बाजू पाहूं. शून्याऐवजीं वहींत चाळीस विक्रींची नोंद दिसली, असें समजा. व्यापारी आनंदला, आणि त्यानें जाहिरातीचा खर्च दुप्पट केला. येथें नोंद बरोबर असूनहि निष्कर्ष चुकीचा असूं शकतो. जाहिरातीवर क्लिक केल्यावर विक्री झाली, एवढेंच यंत्र सांगतें. जाहिरातीमुळें झाली, असें तें सांगत नाहीं, सांगूं शकतहि नाहीं. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, ह्या गोष्टीस आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळ्याच्या बसण्याची आणि फळाच्या पडण्याची नोंद कितीहि अचूक ठेवली, तरी त्या अचूकपणानें कावळा हा कारण ठरत नाहीं. त्यांतून ताडावर तीन कावळे बसलेले असले, म्हणजे गंमत अधिकच होते. गिऱ्हाइकानें एक जाहिरात गूगलवर पाहिली, दुसरी फेसबुकवर, आणि मधूनच एखादा ई-मेलहि उघडला. मग एकाच पोत्याच्या विक्रीवर तिघेहि आपापल्या वहींत आपला हक्क लिहून ठेवतात. तिन्ही वह्यांची बेरीज केली, तर गोदामांत नव्हतीं इतकीं पोतीं विकलीं गेल्याचें दिसतें.

कार्यकारणभाव ठरविण्यास अन्वयाबरोबर व्यतिरेकहि लागतो, हें आपले नैयायिक सांगत आले आहेत, आणि १८४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत जॉन स्टुअर्ट मिल ह्यानेंहि वेगळ्या शब्दांत तेंच सांगितलें. ह्याचा एक प्रसिद्ध प्रयोग ईबे ह्या अमेरिकेंतील इंटरनेट-बाजारानें केला. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं त्याचा वृत्तांत २०१५ सालीं ‘इकॉनोमेट्रिका’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ज्या शोधांत ईबेचें नांवच लिहिलेलें असे, अशा शोधांवरील जाहिरात कंपनीनें कांहीं ठिकाणीं बंद करून पाहिली. गिऱ्हाइकें कमी झालीं काय? जवळजवळ नाहींच. जीं पूर्वीं पैसे देऊन लावलेल्या दुव्यावरून येत, तीं त्याच्याच खालच्या फुकट दुव्यावरून येऊं लागलीं. जो माणूस दुकानाचें नांव विचारीतच रस्त्यानें येत होता, त्यास दारांत उभें राहून ‘या’ म्हणणाऱ्या नोकरास त्या विक्रीचें श्रेय मिळत होतें. त्यांच्या मोजणीनुसार ज्यांस दुकान माहीत नव्हतें किंवा जे क्वचितच येत, अशांवर इतर जाहिरातींचा परिणाम झाला. पण खर्चाचा मोठा वांटा नेहमींच्या गिऱ्हाइकांवरच होत होता. ही गोष्ट नुसती वही पाहून कधींच कळली नसती. त्यासाठीं कावळ्यास उडवून लावून फळ पडतें कीं काय, तें पाहावें लागलें.

जाहिरातीचा परिणाम मोजण्याची ही हांव नवी नाहीं. आपल्या जुन्या मासिकांच्या जाहिरातींच्या पानांवर, ‘जाहिरातदारांस लिहितांना ह्या मासिकाचा उल्लेख करावा,’ अशी विनंति छापलेली असे. तो त्या काळचा टॅगच होता. फरक इतकाच, कीं तो वाचकाच्या स्वतःच्या हातानें, त्याच्या इच्छेनें लागत असे. क्लॉड हॉपकिन्स ह्या अमेरिकन जाहिरातकारानें १९२३ सालीं आपल्या पुस्तकांत कूपनांच्या मोजणीवर जाहिरातीचें सारें शास्त्र उभें केलें. कोणत्या वर्तमानपत्राचें कूपन किती आलें, ह्यावरून कोणती जाहिरात ठेवावी व कोणती काढावी, हें तो ठरवी. पण वर्तमानपत्राच्या प्रती किती खपतात हें सांगणार कोण? वर्तमानपत्रच सांगत असे, आणि तेंच त्यावर दर आकारीत असे. ह्या अडचणींतूनच १९४८ सालीं आपल्या देशांत ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था निघाली. जाहिरातदार, जाहिरातसंस्था आणि प्रकाशक ह्या तिघांनीं मिळून मान्य केलें, कीं माल विकणारानेंच मापहि धरावें हें बरें नव्हे. खप तिसऱ्यानें तपासावा.

ह्या पूर्वानुभवाकडे पाहिलें म्हणजे आजची व्यवस्था चमत्कारिक वाटते. जाहिरातीची जागा विकणारा, ती किती लोकांनीं पाहिली हें मोजणारा, आणि तिच्यामुळें किती विक्री झाली हें सांगणारा, हे तिघे आतां बहुधा एकच असतात. ही कंपनी लबाडी करते असा आरोप मी करीत नाहीं. आरोपाची गरजहि नाहीं. सप्टेंबर २०१६ मध्यें फेसबुकनें स्वतःच जाहीर केलें, कीं चित्रफीत सरासरी किती वेळ पाहिली जाते ह्याचा आपण देत होतों तो आंकडा फुगलेला होता. तीन सेकंदांहून कमी वेळ पाहणारे लोक भागाकाराच्या भाजकांत धरलेच जात नव्हते. लबाडी नसली तरी चूक मापधाऱ्याच्या सोयीच्या बाजूस झुकते आणि पुष्कळ दिवस तशीच राहते. कारण प्रतिकूल आंकडा आला म्हणजे मनुष्य यंत्र उघडून पाहतो, आणि अनुकूल आंकडा आला म्हणजे मिठाई वांटतो. आपल्या व्यापाऱ्यानें शून्य आल्यावर तरी काय केलें? तें शून्य त्याच्या खिशास प्रतिकूल होतें. पण दोष मुलीवर आणि तांदुळावर ढकलतां येत होता, म्हणून तें त्यास तपासावेंसें वाटलें नाहीं. जें शून्य आपल्यावर शेकत नाहीं, तें तपासण्याची बुद्धि माणसास क्वचितच होते.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्यास उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आक्षेपक म्हणेल, ‘माप तपासावें म्हणतां, पण तें ज्यानें तपासावयाचें त्या मापाचें काय? टॅग तपासण्यास टॅग असिस्टंट, तो तपासण्यास बँकेचें खातें, खातें तपासण्यास आणखी कांहीं; ह्याला शेवट कोठें?’ हा अनवस्थेचा दोष फार जुना आहे. त्यावर मीमांसकांनीं दिलेलें उत्तर असें, कीं ज्ञान हें स्वतःच प्रमाण असतें. त्यास बाध येईल तेव्हां तें सोडावें, तोंवर त्यावर विसंबावें. नैयायिकांनीं म्हटलें, नाहीं; ज्ञानाचें प्रामाण्य त्याच्या बाहेरून, त्यावर विसंबून केलेली प्रवृत्ति सफल झाली म्हणजे कळतें. मृगजळाकडे धांवून तहान भागत नाहीं, तळ्याकडे गेल्यानें भागते. पण प्रत्येक घोटागणिक परीक्षा करावी, असें नैयायिकहि म्हणत नाहींत. जेथें शंकेला जागा आहे तेथें परीक्षा. शंका फिटली कीं परीक्षा थांबली. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां ह्या दोन मतांत वाटतो तेवढा विरोध नाहीं. रोजच्या आंकड्यांच्या बाबतींत आपण सर्वच मीमांसक असतों, आणि तसें असण्यावांचून गत्यंतर नाहीं. प्रश्न एवढाच, कीं नैयायिक केव्हां व्हावयाचें?

माझ्या मतें ह्याचें उत्तर तर्कशास्त्र एकटें देऊं शकत नाहीं, आणि येथेंच हा विषय नीतीच्या प्रांतांत शिरतो. मापाच्या चुकीचा भार ज्याचा त्यानेंच सोसावयाचा असेल, तर तें तपासणें किंवा न तपासणें हा ज्याच्या त्याच्या शहाणपणाचा प्रश्न आहे. व्यापाऱ्यानें आपले सहा हजार रुपये अंधारांत घालविले, तर त्यास कोणी मूर्ख म्हणेल, पापी म्हणणार नाहीं. परंतु जेव्हां निर्णय एकाचा आणि भार दुसऱ्याचा असतो, आणि त्या दुसऱ्यास माप उघडून पाहण्याचें साधन नसतें, तेव्हां तपासणें हें निर्णय करणाराचें कर्तव्य होतें. जाहिरातीचें खातें व्यापाऱ्याच्या नांवावर आहे. नोकरी गेल्यावर मुलीस त्याचें दारहि उघडतां येत नाहीं. शेतकऱ्यांस तर अशी कांहीं वही असते, हेंच ठाऊक नाहीं. ‘तुमच्या तांदुळाला मागणी नाहीं,’ हें वाक्य त्यांच्यापर्यंत एखाद्या नैसर्गिक घटनेसारखें पोंचतें. पाऊस आला नाहीं तसें गिऱ्हाईक आलें नाहीं, असें समजून ते पुढच्या हंगामांत चिन्नोर सोडून अधिक उताऱ्याची भरड जात लावतील. एका पानावरून दुसऱ्या पानावर न हलविलेल्या टॅगचा परिणाम येथवर, बांधीच्या चिखलापर्यंत, पोंचतो.

धानाच्या मुलखास हा प्रकार अपरिचित नाहीं. कुडो आणि पायलीच्या मापानें धान मोजलें जाई, तेव्हां माप कोणाच्या घरचें आणि मोजणारा कोणाचा माणूस, हा प्रश्न पिकाइतकाच महत्त्वाचा असे. एकच पायली सैल हातानें भरली आणि दाबून भरली, तर दोन निराळे आंकडे येतात. आणि शिगेचें माप घ्यावयाचें कीं काठोकाठ, हें ज्याच्या हातीं माप तोच ठरवी. आज वजनांवर आणि तराजूंवर सरकारी ठसा लागतो, ठराविक मुदतीनें ते पुन्हां पडताळावे लागतात, आणि २००९ च्या वैधमापन कायद्यान्वयें न पडताळलेलें वजन धंद्यांत वापरणें हा गुन्हा ठरतो. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं ह्या गुन्ह्यास लबाडीचा हेतु लागत नाहीं. वजन योगायोगानें बरोबर निघालें, तरी पडताळणी चुकविल्याचा दोष राहतोच. कायद्यानें येथें एक खोल नैतिक तत्त्व ओळखलें आहे: दुसऱ्याचा माल मोजणारानें माप खरें ठेवणें पुरेसें नाहीं, तें खरें आहे हें जाणून असणेंहि त्याजवर बंधनकारक आहे.

पिकाच्या पैसेवारीचेंहि तसेंच. पूर्वीं रुपयाचे आणे होते तेव्हां आणेवारी, १९५७ सालीं दशमान नाणीं आल्यानंतर पैसेवारी. गांवचें पीक पन्नास पैशांखालीं उतरलें म्हणजे टंचाई मानावयाची, असा दंडक महाराष्ट्रांत पुष्कळ वर्षें चालला. कांहीं निवडक तुकड्यांवर पीक कापून, वजन करून, त्यावरून साऱ्या गांवाचा अंदाज केला जातो. तुकडा कालव्याजवळचा निवडला कीं टोंकाचा, ह्यावर आंकडा फिरतो; आणि आंकडा एकावन्न आला कीं एकोणपन्नास, ह्यावर पुष्कळ घरांचें वर्ष फिरत असे. ‘तुमच्या गांवीं टंचाई नाहीं,’ हेंहि अभावाचेंच विधान आहे. टंचाई असती तर ह्या पद्धतीनें ती दिसली असती काय, हा प्रश्न विचारल्यावांचून तें करण्याचा अधिकार कोणास नाहीं. सरकारी अधिकारी आणि कामठ्याचा आपला व्यापारी ह्यांच्या दर्जांत कितीहि अंतर असलें, तरी ह्या बाबतींत दोघांवर एकच धर्म येऊन पडतो.

ह्या विवेचनाचा कोणी असा अर्थ काढील, कीं मोजणी जितकी अधिक, जितकी सूक्ष्म, तितकी चांगली. कोणतेंहि गिऱ्हाईक मोजणीच्या जाळ्यांतून सुटतां कामा नये. तो अर्थ मला मान्य नाहीं. घटाची गोष्ट निराळी आणि माणसाची निराळी. घटास आपण दिसावें कीं न दिसावें ह्याविषयीं मत नसतें, माणसास असतें. ज्यानें परवानगी नाकारली, कुकी पुसून टाकली, त्यानें आपल्या मोजणींत बिघाड केला असें व्यापाऱ्यास वाटेल. परंतु त्यानें आपल्या हक्काचें दार लावून घेतलें, एवढेंच खरें आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाहि संसदेनें केला. तेव्हां आरंभीं सांगितलेल्या दोन वाक्यांत तिसऱ्याची भर घातली पाहिजे: ‘घडलें असेल, पण तें मला कळूं नये असें त्या माणसाच्या मनांत होतें.’ हें तिसरें वाक्य ज्या वहींत लिहितां येत नाहीं, ती वही अपुरी आहे. आणि ह्या नकाराचा मान राखूनहि व्यापारी अगदींच आंधळा होत नाहीं. गिऱ्हाइकाच्या पाठीमागें न लागतां त्यास सरळ विचारतां येतें, ‘आमचें नांव आपणांस कोठें कळलें?’ जाहिरात एक महिना एका शहरांत चालू आणि दुसऱ्यांत बंद ठेवून दोहोंकडची एकूण विक्री ताडून पाहतां येते. त्यासाठीं एकाहि माणसाचा माग काढावा लागत नाहीं. उत्तर अंधुक येईल. पण अंधुक आहे हें माहीत असलेलें उत्तर, स्वच्छ दिसणाऱ्या खोट्या आंकड्यापेक्षां अधिक प्रामाणिक होय.

तात्पर्य, जो मनुष्य मापावर विसंबून दुसऱ्याविषयीं निर्णय करतो, त्याजकडून सर्वज्ञतेची अपेक्षा कोणी करीत नाहीं. त्यानें चार गोष्टी सांगाव्या म्हणजे पुरे: हें माप मी अमुक दिवशीं स्वतः वापरून पाहिलें; त्या वेळीं जें घडलें तें त्यांत उमटलें; अमुक प्रकारचें घडलेलें त्यांत उमटत नाहीं, हें मला माहीत आहे; आणि जें उमटलें तें कशामुळें घडलें हें माप सांगत नाहीं, तें मी अमुक रीतीनें ठरविलें. हीं चार वाक्यें ज्याला सांगतां येतात, त्यानें मुलीस नोकरीवरून काढलें तरी तिला निदान त्याच्याशीं वाद घालतां येईल. तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवून ती विचारूं शकेल, कीं फोनवरून आलेल्या मागण्यांचें काय? ज्याला तीं सांगतां येत नाहींत, त्याच्याशीं वाद घालण्यासही जागा राहत नाहीं. तो फक्त आंकडा दाखवितो. आणि अशा प्रसंगीं आंकडा दाखविणें म्हणजे, पुष्कळदां, स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी एका यंत्रावर टाकून मोकळें होणें असतें. यंत्र ती घेत नाहीं. ती होती तेथेंच राहते.